नाना ऐकत नाहीत, का नानांच्या लक्षात राहत नाही?

पत्र:

नमस्कार मावशी, मी सुदामा नगरमधून लिहितेय. सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ७६, बँकेतून हेड कॅशियर म्हणून रिटायर झाले. दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला होता, या पावसाळ्यात दम लागायला लागला म्हणून अ‍ॅडमिट केलं तर डॉक्टर म्हणाले हार्ट फेल्युअर आहे, पंपिंग ३० टक्के. आठ दिवसांनी घरी आले पण तेव्हापासून नाना वेगळेच झालेत. गोळ्या विसरतात आणि विचारलं की घेतल्या म्हणतात. मागच्या महिन्यात लघवीची गोळी सकाळी दोनदा घेतली आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. रोज वजन करा सांगितलंय, करत नाहीत. पाणी मोजून प्या सांगितलंय, तेही नाही. पोह्यांवर शेव आणि जीरावन (इंदुरी चटपटा मसाला) मात्र हवंच. ज्या माणसाने आयुष्यभर लाखोंची कॅश मोजली तो भाजीवाल्याचे पैसे तीनदा मोजतो आणि तरी चुकतो. सुडोकू सोडलं. सानंदचं (इथली मराठी नाटकं आणणारी संस्था) नाटक कधी चुकवलं नव्हतं, आता चला म्हटलं तर नको म्हणतात. आमचे हे म्हणतात वय झालं. सासूबाई म्हणतात हट्टी तर आधीपासूनच आहेत. पुण्याचे भाऊजी फोनवर म्हणतात तुमचं लक्ष नाही. परवा मी नानांवर ओरडले आणि ते नुसते गप्प बसून राहिले, त्या रात्री मला झोप लागली नाही. हा डिमेन्शिया आहे का? गोळ्यांचा डबा मी त्यांच्याकडून काढून घेऊ का?
– एक सून, इंदूर

उत्तर:

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मी "सांगितलंय" या शब्दापाशी थांबले. वजन करा सांगितलंय, पाणी मोजा सांगितलंय. कधी सांगितलं, डिस्चार्जच्या दिवशीच ना? आठ दिवस धड झोप नाही, नाकात ऑक्सिजन, हाताला सलाइन, बाहेर मुलगा बिलाच्या खिडकीवर उभा, आणि अशात कोणीतरी येऊन पाच-सात मिनिटांत दहा गोळ्या, मीठ, पाणी, वजन, सूज सगळं सांगून जातं आणि पेशंट मान हलवतो. ते सांगणारी मीच असायचे. हृदयरोगाच्या वॉर्डात बत्तीस वर्षं सिस्टर होते मी. पंधरा दिवसांनी तोच पेशंट पाय सुजवून परत आला की आम्ही फाइलवर लिहायचो, सूचना पाळत नाही. किती फायलींवर माझ्या हाताने ते लिहिलं गेलं असेल, आज आठवलं की फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या कितीतरी जणांनी सूचना मोडलेल्याच नव्हत्या, त्या त्यांच्या डोक्यात टिकल्याच नव्हत्या.

मला नानांचं तसंच काहीसं दिसतंय. मी इथून निदान करू शकत नाही आणि करणारही नाही, पण तू लिहिलेल्या खुणा ओळखीच्या आहेत.

हृदय आणि मेंदूचा संबंध आधी सांगते, कारण हा घरात कोणीच कोणाला सांगत नाही, कित्येकदा दवाखान्यातही नाही. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्यातलं साधारण १५ टक्के तो एकटा घेतो, आणि शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी २० टक्के. त्याच्याकडे साठा करून ठेवायची सोय नाही, त्याला मिनिटामिनिटाला ताजं लागतं. आता हृदयाचा पंप कमजोर झाला (हार्ट फेल्युअर म्हणजे हेच) की तो वाटा कमी पडायला लागतो. (पंपिंग ३० टक्के ऐकून घरचे घाबरतात की हृदय शंभरातलं तीसच चालतंय, तसं नसतं गं, हृदयात भरलेल्या रक्तातलं एका ठोक्याला किती टक्के बाहेर गेलं त्याचा तो आकडा, धडधाकट माणसाचाही ५५ ते ६५ च्या आसपासच असतो. ३० कमीच आहे, पण वाटतो तेवढा भयानक नाही.) आणि गोष्ट फक्त रक्त कमी पोचण्याची नसते, ज्यांना अटॅक येऊन गेलाय, बीपी-शुगर जुनी आहे, त्यांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही खराब झालेल्या असतात, काहींचे ठोके अनियमित पडतात आणि हृदयात बारीक गुठळ्या होऊन वर जातात, कोणाला कळतही नाही असे मेंदूचे छोटे छोटे झटके येऊन गेलेले असतात. त्यामुळे हार्ट फेल्युअरच्या पेशंटांत लक्ष, स्मरण, हिशोब यात कमी-जास्त फरक पडणं फार कॉमन आहे. वेगवेगळ्या अभ्यासांत आकडा पाव पेशंटांपासून पाऊण पेशंटांपर्यंत येतो, कोणाला तपासलं आणि कसं तपासलं यावर. म्हणजे नाना एकटे नाहीत आणि तू काही चुकीचं केलंयस म्हणून हे झालेलं नाही, हे भाऊजींनाही वाचून दाखव.

आणि यात आधी काय जातं ते बघ. नातवाचं नाव जात नाही, जुन्या ब्रँचच्या गोष्टी जात नाहीत, गप्पा तर छान मारतात, म्हणूनच घरच्यांना पटत नाही की काही बिघडलंय. आधी जातं ते लक्ष, वेग, आणि एकामागून एक चार गोष्टी ओळीने करणं. पैसे मोजता मोजता भाजीवाल्याने काही विचारलं की आकडा सुटला. सुडोकूत तीन शक्यता डोक्यात धरून चौथी बघायची असते, ते जमेना झालं, आणि जमत नाही हे कोणाला कळू नये म्हणून सोडून दिलं. नाटक नको म्हणण्यामागेही मला तेच वाटतं, भराभर संवाद चालले की मागचा धरून ठेवता येत नाही, आणि दुसरं एक कारण आहे ते शेवटी सांगते. आता गंमत नाही पण दुर्दैव असं की हार्ट फेल्युअरमध्ये पेशंटने घरी जे करायचं असतं त्याला नेमकी हीच ताकद लागते. सकाळी उठून वजन करा, कालच्याशी ताडून बघा, वाढलं असेल तर ठरवा काय करायचं, फोन करा. म्हणजे आजाराने जे काढून घेतलंय तेच आपण त्यांच्याकडे मागतोय आणि नाही मिळालं की हट्टी म्हणतोय.

डिमेन्शिया आहे का, याचं उत्तर आत्ता घाईने कोणी देऊ नये. आधी ज्या गोष्टी दुरुस्त होऊ शकतात त्या शोधायच्या. हृदयाच्या डॉक्टरांची पुढची तारीख असेल ती अलीकडे घे आणि त्यांना स्पष्ट सांग की विसरणं वाढलंय, गोळी दोनदा घेतली, पडले. "बाकी ठीक" म्हणून उठू नकोस. आपल्याकडे हृदयवाल्याकडे गेलं की फक्त छातीचंच बोलायचं असं लोकांना वाटतं, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पेशंट पाच मिनिटं अगदी व्यवस्थित बोलतो, मग तू खोटी पडतेस. कागदावर लिहून ने, तारखेसकट. तो पडण्याचा प्रकार तर आधीच कळवायला हवा होता, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर वाट न बघता आत्ताच फोन कर.

तपासण्यांत माझा जीव सगळ्यात जास्त सोडियमवर असतो. लघवीच्या गोळ्यांनी आणि खुद्द या आजारानेही रक्तातलं सोडियम उतरतं, आणि सोडियम उतरलं की माणूस सुस्त होतो, गोंधळतो, चालताना झोकांड्या खातो, घरचे म्हणतात म्हातारपण. हा एक साधा रक्ताचा रिपोर्ट आहे. त्याच्या जोडीला पोटॅशियम, किडनीसाठी क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि शरीरातलं लोह, थायरॉइड (ठोक्यांसाठी अमिओडॅरोन नावाची गोळी चालू असेल तर थायरॉइड नक्कीच), व्हिटॅमिन बी १२, शुगर. बी १२ चं तर आपल्याकडे शाकाहारी घरांत आणि शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कमी निघणं रोजचंच आहे. बीपी बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एक-दोन मिनिटांनी एकदा बघायला सांग, उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा जास्त पडत असेल तर बाथरूममधल्या चक्करेचं उत्तर तिथेच असेल. रात्री घोरतात का, घोरता घोरता श्वास अडकल्यासारखा होतो का, हे सासूबाईंना विचार, कारण झोपेत श्वास थांबणं हार्ट फेल्युअरमध्ये खूप जणांना असतं आणि ज्याची रात्र अशी जाते त्याचं डोकं दिवसा चालणार कसं. कान पण तपासून घे. ज्याला नीट ऐकू आलं नाही त्याला "विसरला" म्हणणं अन्याय आहे. आणि मन. हॉस्पिटलमधून आल्यावर गप्प होणं, आवडीच्या गोष्टी सोडणं, चिडणं, हे डिप्रेशनही असू शकतं, त्यावर उपचार आहेत, लाज वाटायचं कारण नाही.

हे सगळं बघून झालं, तब्येत काही आठवडे स्थिर राहिली, की मग स्मरणाची चाचणी करून घे. ३० मार्कांची एक असते, मोका म्हणतात तिला, हिंदीतही आहे. त्यात घड्याळ काढायला लावतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. २६ च्या खाली आलं तर पुढे बघायचं असा साधारण हिशोब, शिक्षण किती, भाषा कोणती हे धरून. हॉस्पिटलच्या कॉटवर किंवा घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या चाचणीला मात्र मी फार किंमत देत नाही, तेव्हा सगळ्यांचंच डोकं जडावलेलं असतं.

आता घरात कोणकोणत्या गोळ्या येतात त्या सगळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओत. प्रिस्क्रिप्शनच्याच नाही, सगळ्या. सर्दीची गोळी आपण कोपऱ्यावरच्या मेडिकलवरून आणतो, त्यातल्या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅलर्जीच्या औषधाने म्हाताऱ्या माणसाचं डोकं सुन्न होतं. झोपेच्या गोळीने तर गोंधळही वाढतो आणि पडणंही. गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी पाणी धरून ठेवते, पाय सुजतात, किडनीवर ताण येतो, ती हार्ट फेल्युअरमध्ये नकोच. खोकल्याच्या काढ्यात ज्येष्ठमध असतं, तेही नियमाने दिलं तर पाणी धरतं आणि पोटॅशियम पाडतं. स्मरणशक्तीची टॉनिकं आणि पावडरी यावर पैसे घालवू नकोस. विस्मरणासाठी डॉक्टर देतात ती डोनेपेझिल आपल्या मनाने कोणाच्या तरी चिठ्ठीवरून आणून सुरू करायची नाही, तिने ठोके कमी होतात आणि नानांना ठोके कमी करणारी गोळी बहुतेक आधीच चालू असेल. आणि उद्या भाऊजींनी एखादं फॉरवर्ड पाठवलं की सॅक्युबिट्रिल-वलसार्टन या हृदयाच्या गोळीने स्मरण जातं, तर त्यावर गोळी बंद करू नका. शंका खरंच घेतली गेली होती कारण ती गोळी ज्या एन्झाइमला अडवते तेच मेंदूतलं अमिलॉइड (अल्झायमरमध्ये साठतं ते प्रथिन) साफ करण्यातही कामाला येतं, म्हणूनच मुद्दाम तीन वर्षं पेशंटांना बघितलं गेलं, २०२२ मध्ये निकाल आला, स्मरणात नुकसान दिसलं नाही. ते पेशंट ४० च्या वर पंपिंगवाले होते हे खरं, नानांचं कमी आहे, पण पंपिंग कमी असतानाच या गोळीने जीव वाचतात, त्यामुळे प्रश्न असेल तर डॉक्टरांना विचारा, डब्यातून गोळी काढू नका. उलट हृदयाची औषधं नीट बसली, पंप सुधारला, की डोकंही काही जणांचं बऱ्यापैकी उजळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता तुझा डब्याचा प्रश्न. काढून घेऊ नकोस. पण त्यांच्या एकट्याकडेही ठेवू नकोस.

नाना हेड कॅशियर होते ना, मग त्यांना विचार, स्ट्राँगरूमला किल्ल्या किती असायच्या? दोन. एक त्यांच्याकडे, एक दुसऱ्या ऑफिसरकडे, आणि दोघं असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. म्हणजे नानांवर बँकेचा विश्वास नव्हता का? एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने पास करायची, हे त्यांनी आयुष्यभर केलंय आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नसेल. तेच घरात आण. आठवड्याचा डबा मिळतो, दिवसाला चार खण, तो रविवारी दोघांनी बसून भरायचा, नाना गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव वाचतील, तू टाकशील. उरलेल्या पट्ट्या तुझ्या कपाटात, कुलपात. डबा डायनिंग टेबलवर, देवघरापाशी, जिथे ते रोज बसतात तिथे. आणि एक जाड वही, उभ्या रेघा मारलेली, लेजरसारखी. तारीख, वजन, सूज आहे-नाही, सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, नानांची सही, तुझी सही. ज्या माणसाने पस्तीस-चाळीस वर्षं वह्या लिहिल्या त्याच्या हातात ते अजून आहे, नवीन शिकलेलं आधी जातं, हातात मुरलेलं उशिरापर्यंत राहतं. वजन सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेच कपडे. तीन दिवसांत २ किलोच्या वर गेलं की डॉक्टरांना फोन, आणि हा फोन तू करायचा, ठरवायचं काम नानांवर टाकायचं नाही. काटा आकडे मोठे दिसणारा घे.

आणि "नाना, गोळी घेतली का?" हे विचारणं आजपासून बंद. हा प्रश्न त्यांच्या स्मरणाला विचारलेला आहे आणि तिथेच तर अडचण आहे, ते हो म्हणणार, खोटं बोलायचं म्हणून नव्हे, त्यांना खरंच घेतल्यासारखं वाटतं, काल घेतली होती ती आठवते. त्याऐवजी डबा आणि पाणी समोर ठेव, "नाना, ही सकाळची." बस. खण रिकामा आहे का भरलेला यावरून कळतं, विचारायची गरज नाही. एखादा खण राहून गेला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही. पाणी मोजायचं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला आकडा घे आणि तेवढ्या बाटल्या सकाळीच भरून ठेव, संपल्या की संपल्या, डोक्यात बेरीज ठेवायला नको.

कुठलीही नवीन गोष्ट सांगशील तर एका वेळी एकच, टीव्ही बंद करून, समोर बसून, आणि मग म्हणायचं "नाना, मी नीट सांगितलं ना, तुम्ही मला एकदा सांगून बघा." म्हणजे परीक्षा तुझी होते, त्यांची नाही. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. त्यांनाही हाच आजार. डिस्चार्जच्या वेळी मी स्वतः त्यांना सगळं समजावलं, त्यांनी मान हलवली, मी सिस्टर, मी खुश. पाचव्या दिवशी धुवायला घेतलेल्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सात गोळ्या निघाल्या. विसरायला नको म्हणून खिशात ठेवत होते बिचारे. त्या दिवशी मी त्यांना परत बोलायला लावलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

मीठ. हा आपल्या इंदूरचा मोठा प्रश्न आहे आणि मला त्यावर चिडायचं नाही कारण पोहे-शेव माझ्याही रक्तात आहे. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅम म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात पोळी, भाजी, वरण, ताक सगळं आलं. शेवेची एक मूठ, त्यावर जीरावन, ज्यात साधं मीठ आणि काळं मीठ दोन्ही असतं, वर लोणच्याची फोड, की सकाळी नऊलाच अर्धा हिशोब संपला. दिवाळीत चिवडा-शेव घरात डबे भरून असते आणि त्यानंतरच्या आठवड्यात वॉर्डात सुजलेले पाय घेऊन येणाऱ्यांची रांग असायची, दर वर्षी. नानांचे पोहे बंद करू नका. बिनमिठाच्या जवळपासचे पोहे करा, वर लिंबू, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, बारीक कांदा, आणि जीरावनऐवजी घरी भाजलेलं जिरं, बडीशेप, धने, थोडं आमचूर कुटून बिनमिठाचा मसाला करून ठेवा, डबी तीच ठेवा. शेव रविवारी, चमचाभर, सगळ्यांसोबत. एकट्या नानांपुढे वेगळं ताट मांडलंत तर ते रुसतील, मीठ घरात सगळ्यांचंच थोडं कमी करा. सेंधा नमकाने काही वाचत नाही, तेही मीठच. आणि ते लो सोडियमवालं पाकीट तर मुळीच आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि नानांच्या गोळ्यांमध्ये पोटॅशियम वाढवणाऱ्या बहुतेक आहेतच, ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीवावरचं आहे ते. हे खातं सासूबाईंकडे द्या. त्यांच्या हाताला चव आहे म्हणतेस का तू, नक्की असणार, मग कमी मिठात चव आणायचं काम त्यांच्याइतकं कोणाला जमेल?

काही गोष्टींना मात्र वहीची, तारखेची वाट बघायची नाही. काल ठीक होते आणि आज अचानक ओळखेनात, बरळतायत, दिवसभर झापड आहे, तर ते म्हातारपण नाही आणि डिमेन्शियाही असा रात्रीत येत नाही, इन्फेक्शन, सोडियम, पाणी भरणं, काहीतरी घडलंय, त्याच दिवशी न्या. तोंड वाकडं, बोलणं जड, एक हात उचलेना, तर १०८ ला फोन, आणि शेवटचे नीट कधी होते ती वेळ लक्षात ठेव, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड २०२४ पासून मिळतं, केलं नसेल तर आत्ता करून ठेव, घाईच्या वेळी होत नाही.

पैशांचं थोडक्यात. पेन्शनचं खातं सासूबाईंसोबत जॉइंट करा, नॉमिनी बघून घ्या, मोठी रक्कम ऑनलाइन फिरणाऱ्या खात्यात ठेवू नका, फोनवर पोलिस बोलतोय म्हणून घाबरवणाऱ्यांना असेच लोक सापडतात. फसलंच काही तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरला फोन. हे मुलाने बोलावं, नानांसमोर, नानांना विचारून, पाठीमागे कागद हलवायचे नाहीत. स्कूटर चालवत असतील तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत किल्ली नको, आणि ते नाही डॉक्टरांच्या तोंडून येऊ दे, तुझ्या नाही.

आता तू. ओरडलीस, ठीक आहे, थकलेली होतीस. उद्या सकाळी चहा देताना म्हण, "नाना, परवा माझा आवाज चढला, चुकलं." त्यांना प्रसंग आठवो न आठवो, मनात लागलेलं राहतं, प्रसंग विसरला तरी ते दुखणं राहतं, म्हणून म्हण. आणि हे सगळं एकटीने करायचं नाहीये. भाऊजींना लक्ष नाही असं वाटतं ना, फार चांगलं, त्यांना काम द्या. रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल, नानांनी रात्रीच्या गोळ्या त्यांच्यासमोर घ्यायच्या. पुण्यात बसून होण्यासारखं आहे. महिनाभर केलं की त्यांनाही कळेल इथे काय चाललंय. तुमचे हे रविवारचा डबा भरताना बसतील आणि डॉक्टरांकडे जाताना सुट्टी घेतील, वय झालं म्हणून बाजूला होता येणार नाही. घरातलं बोलून सुटत नसेल, किंवा तुलाच कोणाशी बोलावंसं वाटलं, तर वृद्धांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी नंबर आहेत, फुकट.

नानांना रोज थोडं चालव, डॉक्टरांना विचारून. सुरुवातीला कॉलनीतच पाच-दहा मिनिटं, चालता चालता बोलता येईल एवढ्याच वेगाने, कोणीतरी सोबत. औषधांइतकाच भरवसा मला या चालण्यावर आहे, हृदयासाठीही आणि डोक्यासाठीही, आणि चिडचिड तर पंधरा दिवसांत कमी झालेली दिसेल बहुतेक. सुडोकू परत हातात देऊ नकोस, ते त्यांना हरवतं. जुने कॅशमधले मित्र बोलव, पत्ते मांडा, नोटा बंडल करायला द्या, घरखर्चाचा हिशोब दोघं मिळून लिहा.

आणि ते नाटकाचं. मी म्हटलं होतं दुसरं कारण आहे. लघवीची गोळी घेतली की दोन-तीन तास सारखं उठावं लागतं, आणि नाटकाला अंधारात, रांगेतल्या सगळ्यांचे पाय ओलांडून, सगळ्यांसमोर दोनदा बाहेर जायचं, हे नानांसारखा माणूस कोणाला बोलून दाखवणार नाही, नको म्हणेल. डॉक्टरांना विचार की नाटकाच्या दिवशी ती गोळी पुढेमागे केली तर चालेल का, बहुतेक वेळा चालतं, पण विचारूनच. हलकंफुलकं, कमी पात्रांचं नाटक निवड, गोष्ट काय आहे ते गाडीतच सांगून टाक म्हणजे धागा धरायला सोपं जाईल, आणि खुर्ची रांगेच्या कडेची घे, दाराकडची. पाण्याची छोटी बाटली, वहीत त्या दिवशी लिहायला मध्ये एक ओळ सोड. मध्यंतरात कचोरी समोर येईल, ती दोघांत अर्धी. मला कळव नाटक कसं झालं, आणि सोडियम किती आलं तेही.